धूर म्हणजे न जळलेलं लाकूड

डिसेंबर लागला की आमच्या परड्यात शेकोटी पेटते, आणि पहिल्या दहा मिनिटांत शेजारच्या काकूंचा आवाज येतो, "काय रे, वाळत घातलेली कापडं सगळी धुरकटली की!" काकूंचं बरोबर असतं. लाकूड ओलं असतं.

लाकूड थेट पेटत नाही. तापल्यावर त्यातून वायू सुटतात, आणि ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. ओलं असलं तर उष्णता आधी पाण्यावर खर्च होते. साधं पाणी उकळीला आणायला लागते त्याच्या सातेक पट उष्णता त्याची वाफ करायला लागते. जाळ थंडावतो, वायू न जळताच सुटतात आणि हवेत गारठून त्यांचे बारीक थेंब होतात. पांढरा धूर तो हाच. गुऱ्हाळावर हे सांगावं लागत नाही. तिथं चिपाडं उन्हात पसरून खडखडीत वाळली, की मगच चुलवाणात जातात.

धुरातले कण २.५ मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचवीस-तिसाव्या हिश्शाएवढे. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. त्यात थंडीच्या रात्री जमीन गार पडते, तिला लागून गार हवा साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. पंचगंगेकाठी पहाटे धुराचा आडवा पट्टा दिसतो, तो या झाकणाखाली अडकलेला असतो.

राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. बागेतला पालापाचोळाही घनकचऱ्यातच मोडतो, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा सुधारायच्या शहरांची यादी आहे, तीत कोल्हापूरही आहे. शिवाय आग निष्काळजीपणे हाताळून कुणाच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पाला खड्ड्यात कुजवावा. पीव्हीसी पाईपचा तुकडा तर शेकोटीत नकोच, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन ही विषारी रसायनं निघतात.

उरलेले निखारे घमेल्यात घालून खोलीत नेणारेही आहेत. धूर नाही म्हणून काय झालं? निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागंही करत नाही. निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीनं राख ढवळा, परत ओता.