मधातले अँटिऑक्सिडंट

मधात ८० टक्क्यांच्या आसपास साखर असते नि साधारण १७ ते २० टक्के पाणी, म्हणजे अँटिऑक्सिडंट वगैरे जे काही आहे ते उरलेल्या चिमूटभर भागात. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मधाचं कौतुक करताना नेमकं हेच राहून जातं.

त्या चिमूटभर भागात एन्झाइम, सेंद्रिय आम्लं, थोडी खनिजं, परागकण आणि फ्लॅवोनॉइड व फेनॉलिक आम्लं ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं असतात. क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, क्रायसिन, कॅफिक अॅसिड ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. शरीरात रोजच्या कामकाजात फ्री रॅडिकल नावाचे अस्थिर रेणू तयार होतात, ते पेशीतली चरबी, प्रोटीन, डीएनए बिघडवतात, आणि ही द्रव्यं त्यांना स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन शांत करतात. माशी ही द्रव्यं बनवत नाही, ती मुळात झाडाची, फुलातल्या मकरंदातून आणि परागातून मधात उतरतात. म्हणूनच सगळा मध सारखा नसतो, नि साधारणपणे रंग जेवढा गडद तेवढे अँटिऑक्सिडंट जास्त.

आपल्याकडे हे बघायचं तर महाबळेश्वरचा भाग बघावा. तिथे पेट्यांमध्ये सातेरी माशी पाळतात (आग्या पेटीत राहत नाही, ती झाडावर नि कड्यावर उघडंच मोहोळ करते), आणि जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा असा मध झाडाच्या नावाने ओळखला जातो. जांभळाचा मध काळपट नि जिभेवर किंचित कडवट, एकदा चाखला की बाजारातला पिवळाधमक गोड मध फिका वाटतो. कारवी हे झुडूप तर बहुधा ८ वर्षांनी फुलतं, त्यामुळे त्याच्या मधाची लोक वाट बघतात. तिथलंच मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं.

आता फायदा किती? एक मोठा चमचा मध म्हणजे साधारण २१ ग्रॅम, त्यात ६४ कॅलरी नि १७ ग्रॅम साखर. फक्त अँटिऑक्सिडंट हवे असतील तर आवळा किंवा मूठभर जांभळं खाणं कितीतरी सरस. डायबिटीस असेल तर मधानेही शुगर वाढते, "नैसर्गिक आहे, चालतं" असं अजिबात नाही. आणि कोमट पाण्यात लिंबू-मध घेतल्याने चरबी वितळत नाही, फक्त साखरेच्या चहाऐवजी ते घेतलं तर तेवढी साखर कमी होते इतकंच.

मधाची खरी ताकद दुसरीकडे आहे. एक वर्षावरच्या मुलांना रात्री झोपताना थोडा मध दिला तर खोकला कमी होतो, हे अभ्यासातून दिसलंय आणि आजीला तर आधीपासून माहीत होतं. जखमेवरही मध काम करतो. साखर इतकी दाट की जंतूंमधलं पाणी ओढून घेते, मध आंबट असतो, आणि ग्लुकोज ऑक्सिडेज हे माशीचं एन्झाइम हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड सोडत राहतं. वरवरच्या भाजण्यावर मधाने जखम लवकर भरते, पण दवाखान्यात त्यासाठी निर्जंतुक केलेला मध वापरतात, घरातल्या बरणीतला लावू नये.

एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही, बोटाला लावून चाटवायचासुद्धा नाही. मधात बोट्युलिझम नावाच्या आजाराच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत पण बाळाच्या वाढतात आणि त्याचे स्नायू लुळे पडू शकतात. बाळ जन्मल्यावर मध चाटवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे, प्रेमानेच करतात, तरी घरातल्या मोठ्यांना हे नीट समजावून सांगावंच.

मध भेसळीचा आहे का हे ग्लासभर पाण्यात थेंब टाकून कळत नाही, साखरेचा दाट पाकही तसाच तळाला बसतो. मध गोठला म्हणजे नकली हाही गैरसमज, ज्यात ग्लुकोज जास्त तो लवकर रवाळ होतो. अशी बाटली गॅसवर ठेवू नका, जास्त उष्णतेने एन्झाइम मरतात नि एचएमएफ नावाचं, साखर तापल्यावर बनणारं द्रव्य वाढतं (मध तापवू नये असं आयुर्वेदही सांगतो). कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवली की हळूहळू पातळ होतो.