महागड्या लॅन केबलने स्ट्रीमरचा आवाज सुधारतो?

स्ट्रीमर म्हणजे इंटरनेट किंवा घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवणारं उपकरण. ‘स्ट्रीमरला भारी लॅन केबल लावा, आवाज खुलेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. अॅनालॉग जोडणीत तारेचा परिणाम होऊ शकतो, म्हणून तो पटतोही. पण लॅन केबलमधून ध्वनीची लहर जात नाही, डेटाची पाकिटं जातात. प्रत्येक पाकीट तपासलं जातं. बिघडलेलं टाकून पुन्हा मागवलं जातं.

२४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झ अशा उच्च दर्जाच्या स्टिरिओ ध्वनीला कॉम्प्रेशनशिवायही सेकंदाला सुमारे ९.२ मेगाबिट लागतात. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १,००० मेगाबिट नेते. शिवाय डेटा आधी बफरमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) साठतो आणि तिथून स्ट्रीमरच्या किंवा डॅकच्या (डिजिटल डेटाचं ध्वनीच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या भागाच्या) घड्याळानुसार बाहेर पडतो.

पडताळायचं तर वायफाय बंद करा आणि गाणं चालू असताना केबल काढा. बहुतेक स्ट्रीमर काही सेकंद तरी वाजत राहतात. तेव्हा केबलच नसते. आवाज बदलतो का, ऐका.

केबल खराब असेल तर गाणं अडखळतं किंवा थांबतं, बास पातळ होत नाही. एक खरी अडचण मात्र आहे: शील्डेड (आत धातूचं आवरण असलेल्या) केबलचे धातूचे प्लग दोन्ही उपकरणांचं अर्थिंग जोडतात, त्यातून स्पीकरमध्ये गुणगुण येऊ शकते. तिथे स्वस्तातली अनशील्डेड केबलच बरी.