शोधक श्वान

वासावरून माणूस, वस्तू किंवा पदार्थ शोधून देण्यासाठी शिकवलेला कुत्रा. स्फोटके व अमली पदार्थ हुंगणे, फरारी माणसाचा माग काढणे, ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांना शोधणे ही त्याची नेहमीची कामे; मातीखालची ट्रफल बुरशी आणि गादीतले ढेकूणही तो हुडकतो. जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉय, लॅब्राडोर, स्पॅनिएल, बीगल या जाती जास्त वापरल्या जातात. मात्र निवडताना जातीइतकेच पिल्लाचे खेळवेडही पाहतात. चेंडूसाठी जीव टाकणारे पिल्लू लवकर शिकते.

कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून अधिक, तर माणसाच्या नाकात ५०-६० लाख घ्राणपेशी असतात, असे सर्वसाधारणपणे मानतात. त्यावरून ‘माणसाच्या इतक्या पट’ असा ठोक आकडा सांगण्याची हौस अनेकांना असते; ती सोडावी. तुलना वासागणिक बदलते आणि काही मोजक्या वासांत माणूसही मागे नसतो.

खरी करामत हवेच्या वाटेत आहे. हुंगताना कुत्रा सेकंदाला साधारण पाच वेळा हवा ओढतो. तिचा सुमारे आठवा हिस्सा वेगळ्या वाटेने नाकाच्या मागच्या कप्प्यात जातो, तिथल्या कागदासारख्या पातळ, वळ्या पडलेल्या हाडांवरून फिरतो. उरलेली हवा फुप्फुसांकडे जाते. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे सुटतो, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही. धुळीत हुंगणाऱ्या कुत्र्याच्या नाकाशी वाकून पाहावे: धूळ पुढे नव्हे, दोन्ही अंगांनी मागे उडते. उन्हात धापा टाकू लागला की मात्र हे सगळे बिघडते, कारण तोंडाने घेतलेली हवा त्या कप्प्याकडे फारशी वळत नाही.

शिकवण्याची रीत साधी आहे: वास सापडला की चेंडू. पण कुत्रा नेमके काय ओळखतो, हे नेहमी उघड नसते. कोकेन स्वतः फारसे उडत नाही. कुत्रे मुख्यतः त्यातून निघणाऱ्या मिथाईल बेंझोएटच्या वाफेवर जातात. सापडल्याचा इशारा म्हणून बहुधा खाली बसायला शिकवतात. स्फोटकांच्या कामात उकरणाऱ्या कुत्र्याला जागाच नाही.

माग काढताना दिशाही कळावी लागते. प्रयोगांत काही कुत्र्यांना त्यासाठी पाच पावलांचे ठसे पुरले. मोकळ्यावर तो नागमोडी चालतो, वास सुटला की उलटा वळतो. मान झटकन फिरते, तोंड मिटते, शेपटीची लय बदलते. मुरलेला हँडलर, म्हणजे कुत्रा हाताळणारा माणूस, हे कुत्रा बसण्याआधीच टिपतो.

एकमेकांच्या हालचाली वाचणे दोन्हीकडून चालते, आणि घोळ तिथेच होतो. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १८ हँडलर-श्वान जोड्यांना एका चर्चमध्ये शोध घ्यायला लावले. आत ना अमली पदार्थ होते, ना स्फोटके. लाल कागद जिथे असेल तिथे वास आहे, असे हँडलरांना सांगितले होते. चुकीचे इशारे मोजले गेले ते २२५, आणि कुत्र्यांना भुलवायला लपवलेल्या सॉसेजांपेक्षा कागदापाशी ते जास्त होते. कुत्र्याला कागदाशी काय देणेघेणे? तो माणसाकडे पाहत होता.

उलटेही घडते. मूत्राशयाचा कर्करोग लघवीच्या वासावरून ओळखण्याच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश प्रयोगात सहा कुत्र्यांनी ५४ पैकी २२ वेळा बरोबर नमुना निवडला, म्हणजे ४१ टक्के. नुसत्या योगायोगाने १४ टक्के जमले असते. शिकवणीच्या काळात कर्करोग नसलेल्यांच्या गटातला एक नमुना मात्र कुत्रे ठामपणे दाखवत राहिले. डॉक्टरांना शंका आली, त्यांनी पुढच्या तपासण्या लवकर करून घेतल्या, तेव्हा त्या व्यक्तीच्या उजव्या मूत्रपिंडात कर्करोग आढळला.