टर्बो पेट्रोल गाडीत काय भरायचं : साधं, ९५ की १००?

स्लाविया, व्हर्टस, आय२० एन लाइन, जुनी पोलो जीटी किंवा ऑक्टाव्हिया आरएस घेऊन आमच्या वर्कशॉपमध्ये येणारे बहुतेक ग्राहक चावी हातात देतानाच विचारतात, "प्रीमियम (९५ किंवा १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल) टाकत जाऊ का?" फोनवर याचं उत्तर नेहमी अर्धंच दिलं जातं, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहोत.

सगळ्यात आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतला स्टिकर वाचा. तो नसेल तर मॅन्युअल बघा. ९१ लिहिलं असेल तर कंपनीने गाडी साध्या पेट्रोलवर चालेल अशीच बनवली आहे. ९५ असेल तर ९५ भरा. काही आयात गाड्यांवर ९८ असतं, त्यांच्यासाठी १०० भरा आणि पैशांचा विचार करू नका. किमान आणि शिफारस असे दोन आकडे दिले असतील, तर ऑफिसला जाण्या-येण्यासाठी किमान आकडा पुरतो. घाटात किंवा एक्स्प्रेसवेवर गाडी जोरात पळवणार असाल, तर शिफारशीचा आकडा धरा.

हा ऑक्टेनचा आकडा पेट्रोलच्या ताकदीचा नाही, सहनशक्तीचा आहे. स्पार्कची ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं की टकटक आवाज येतो, तेच नॉकिंग. ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल हा दाब जास्त सोसतं. टर्बो हवा कोंबून भरतो, म्हणून टर्बो इंजिनांना हा धोका अधिक. आजच्या गाड्यांमध्ये नॉक सेन्सर असतो. त्याला खूण मिळाली की ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, मागे घेतो आणि इंजिन वाचतं, पण पिकअप कमी होतो. चांगलं पेट्रोल भरलं की मागे घेतलेलं टायमिंग परत मिळतं. मूळ प्रोग्रॅममध्ये नसलेली ताकद मात्र १०० भरूनही मिळत नाही.

म्हणूनच हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या गाडीत १०० भरण्यात अर्थ नाही. इंजिनावर भारच नाही, तर नॉकिंग कशाने होणार? तेच चार माणसं, सामान आणि एसी घेऊन एप्रिल-मेच्या दुपारी खंबाटकी किंवा पसरणी घाट चढताना फरक खरोखर जाणवतो.

अमेरिकन व्हिडिओ बघून येणाऱ्यांसाठी एक खुलासा. तिकडच्या पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. तिकडचं ८७ आपल्याकडच्या साधारण ९१-९२ इतकं आणि तिकडचं ९१ आपल्या ९५-९६ इतकं असतं. "व्हिडिओत ९१ ला प्रीमियम म्हणतात, आपल्याकडे तर ९१ हे साधंच होतं, मग झालं की" हा हिशेब चुकतो.

प्रीमियममुळे इंजिन आतून साफ राहतं, हे काही गाड्यांपुरतं खरं आहे. पेट्रोलमधलं डिटर्जंट इंजेक्टर स्वच्छ ठेवतं. पण स्कोडा-फोक्सवॅगनच्या टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही. तिथला कार्बन कितीही महागडं पेट्रोल भरलं तरी जात नाही, तो उघडूनच काढावा लागतो. हे काम आम्ही करतो, पण आधी कॅमेऱ्याने तुम्हाला कार्बन दाखवतो. गरज नसेल तर तसं सांगून गाडी परत देतो.

आता ज्या गोष्टीत आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, ती : टाकीत काय आहे हे न सांगता गाडी "पिकअप नाही" म्हणून आणून लावणे. बहुतेक वेळा घडतं असं. टाकीत साधं पेट्रोल शिल्लक असतं, कुणाच्या तरी सांगण्यावरून वरून थोडं १०० भरलं जातं, फरक पडत नाही, मग ऑक्टेन वाढवणाऱ्या बूस्टरची बाटली ओतली जाते आणि गाडी आमच्याकडे येते. हिशेब साधा आहे. ३० लिटर साध्यावर १५ लिटर १०० भरलं तर टाकीतला ऑक्टेन ढोबळमानाने साध्याकडून १०० कडे एक तृतीयांशच सरकतो. पैसे १०० चे गेले आणि मिळालं त्यापेक्षा बरंच कमी.

त्यात आता ई२० आहे. साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलला तितक्याच हवेत जास्त इंधन लागतं. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० मात्र इथेनॉलशिवाय येतं. दोन्ही एकत्र झाल्यावर ईसीयू मिश्रण पुन्हा शिकत बसतो आणि स्कॅनरवर दिसणारे फ्युएल ट्रिमचे (ईसीयू इंधन किती कमी-जास्त करतो त्याचे) आकडे सेन्सर बिघडल्यासारखे दिसू शकतात. मग आम्ही सेन्सर, प्लग, कॉइल, टर्बोचे पाइप असं एकेक तपासत जातो आणि शेवटी कळतं की गाडीत दोषच नव्हता. बूस्टरचंही तसंच. मँगनीज असलेले बूस्टर प्लगवर तांबूस थर सोडतात आणि तो थर बघून प्लगची खरी अवस्था ओळखणं अवघड होतं.

म्हणून आम्ही शेवटच्या दोन वेळच्या पेट्रोलच्या पावत्या मागतो. काही जणांना ही चौकशी जाचक वाटते, याची कल्पना आहे. पण पावत्या असल्या की निम्मं निदान टेबलावरच होतं आणि तुमचं तपासणीचं बिल कमी येतं. पावत्या नसतील, तर टाकी जवळजवळ रिकामी करून एकाच प्रकारचं पेट्रोल पूर्ण भरा, शहरात आणि हायवेवर मिळून निदान शंभर किलोमीटर चालवा आणि मगच गाडी आणा. तक्रार कायम असेल तर आम्ही लगेच हात घालतो. मात्र चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल किंवा मोठा टकटक आवाज येत असेल, तर यातलं काहीही न करता गाडी थांबवा आणि फोन करा. टो करून आणायची सोय आम्ही करतो.

आमचा सल्ला विचाराल, तर स्टिकरवर ९१ असलेल्या गाडीसाठी रोज साधंच भरा, आणि १०० साठी जाणारा पैसा वेळेवर ऑइल आणि प्लग बदलण्यावर घाला. इकडे १०० ला साध्याच्या जवळजवळ दीडपट पैसे पडतात, त्यामुळे वर्षाला वाचणारी रक्कम लहान नाही. १०० चा खरोखर फायदा होतो का हे तुमच्याच गाडीवर बघायचं असेल, तर आम्ही दोन्ही पेट्रोलवर एकाच चढावर टायमिंगची नोंद घेऊन आलेख हातात देतो. पूर्ण सर्व्हिस करणाऱ्यांकडून त्याचे वेगळे पैसे घेत नाही. वेळ मात्र आधी ठरवून घ्या, आणि त्या दिवशी टाकीत पाव भागापेक्षा जास्त पेट्रोल ठेवू नका.