सेसना १७२ जमिनीवर असताना काय सांभाळायचं: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सर्व्हिसिंगला येणारी बहुतेक विमानं सेसना १७२, म्हणजे चार माणसांची, एका इंजिनाची छोटी विमानं आहेत, त्यातही १७२ एस, लायकमिंग आयओ-३६० इंजिनवालं, म्हणून हे सगळं त्यालाच धरून लिहिलंय. तुमच्याकडे दुसरं मॉडेल असेल तर आकडे तुमच्या मॅन्युअलमधले घ्या, बाकी गोष्टी साधारण त्याच.

लिहायचं कारण असं की बिल हातात पडलं की बरेच मालक विचारतात, "अहो, यावर्षी विमान उडलंच कुठे फारसं, मग एवढा खर्च कसा?" आणि खरं उत्तर हेच असतं की उडलं नाही म्हणूनच झाला. ढकलताना, बांधताना, धुताना आणि महिनोन् महिने नुसतं उभं ठेवल्याने जे बिघडतं त्याचेच पैसे जास्त लागतात, आणि त्यातलं बरंचसं तुम्ही आणि तुमची ग्राउंडवरची पोरं फुकटात टाळू शकता.

हलवताना

टो बार, म्हणजे नोज व्हीलला (पुढच्या चाकाला) अडकवायचा ओढदांडा, लावूनच हलवा. नोज व्हील मधल्या रेषेपासून दोन्हीकडे ३० अंशच फिरवायचं, त्यापुढे जोर लावला की स्टिअरिंगचे भाग वाकतात आणि ते बाहेरून लगेच दिसतही नाही. जीप किंवा ट्रॅक्टरने ओढताना हे जास्त होतं कारण ड्रायव्हरला मागे किती वळलंय ते जाणवतच नाही, म्हणून शक्यतो हाताने, आणि दोन माणसं पंखांच्या टोकांवर लक्ष ठेवायला. नाक उचलून जागेवर वळवायचं असेल तर शेपटीच्या आडव्या पंखावर किंवा त्याच्या मागच्या हलणाऱ्या एलिव्हेटरवर अजिबात दाबू नका, त्याच्या थोडं पुढे टेलकोनवर (शेपटीकडे निमुळत्या होणाऱ्या भागावर) जिथे आत बल्कहेड, म्हणजे आधाराची चौकट आहे (रिव्हेटची गोल रांग दिसते तिथे) तिथे दाबा, नाहीतर पत्रा चेपतो.

टो बारबद्दल आमचा एकच नियम, बार लावलेला असेल तर हात बारवर, हात सोडला की बार काढून बाजूला. बार तसाच ठेवून इंजिन स्टार्ट केल्याचे प्रकार जगभर होतात. आणि प्रोपेलर कशालाही आपटला, बारला असो की खड्ड्याला, तर नुसता प्रोपेलर बदलून चालत नाही, लायकमिंगच्या सूचनेप्रमाणे इंजिन उघडून तपासावं लागतं, त्या खर्चाचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो.

प्रोपेलर नेहमी जिवंत समजा. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, तो स्वतःच ठिणगी पाडतो, चावी बंद केली की एका वायरमधून तो फक्त अर्थ होतो, म्हणजे त्याची ठिणगी बंद पडते, ती वायर तुटली असेल तर चावी तुमच्या खिशात असली तरी प्रोपेलर फिरवल्यावर इंजिन एकदम फटका मारू शकतं. फोटोसाठी प्रोपेलरवर हात टाकून उभं राहणाऱ्या पाहुण्यांना जरा लांबच ठेवा.

बांधताना

एप्रिल-मेमधे मराठवाड्यात, विदर्भात भर दुपारी वावटळ येते आणि संध्याकाळी वळीव, दोन्ही सांगून येत नाहीत. रिकामं १७२ वजनाला हलकं असतं आणि पंख तर उचलण्यासाठीच बनवलेले, त्यामुळे "पाच मिनिटांत येतो" म्हणून न बांधता जाऊ नका. नाक वाऱ्याकडे, दोन्ही पंखांच्या रिंगा आणि शेपटीची रिंग, कंट्रोल लॉक (आतलं सुकाणू हलू न देणारी खीळ) लावलेला, चाकांना चॉक, म्हणजे अडकणी. दोर मॅन्युअलप्रमाणे निदान ३२० किलोचा ताण सोसणारा हवा. नायलॉन वापरा, काथ्याचा किंवा सुती नको, तो पावसात भिजला की आखडतो आणि रात्रभर पंख खाली खेचत बसतो. नायलॉन जुना झाला, उन्हाने पांढरट पडला की फेकून द्या, शंभर-दोनशे रुपयांचा दोर आहे तो. हँगरमधे असेल तर पार्किंग ब्रेक लावून ठेवू नका, आग-बिग लागली तर विमान पटकन बाहेर काढता आलं पाहिजे.

कव्हरं आणि कुंभारमाशी

पिटो ट्यूबला (समोरून येणाऱ्या हवेवरून वेग मोजणाऱ्या नळीला) कव्हर घालायचा कंटाळा करणारे लोक आम्हाला रोज भेटतात. आपल्याकडे कुंभारमाशी दिसेल त्या भोकात चिखल भरून घर करते आणि पिटोचं भोक तिला अगदी मापाचं. हे हसण्यावारी नेऊ नका, ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात पडलं आणि १८९ माणसं गेली, तिथे एक पिटो ट्यूब बंद झाली होती आणि बहुधा अशाच माशीच्या घराने झाली असा तपासाचा निष्कर्ष होता, विमान बरेच दिवस उभं होतं आणि शेवटी कव्हरंही घातलेली नव्हती. मोठ्या विमानाची ही गत, तर आपलं काय.

आणि पिटो बंद वाटला तर तोंडाने फुंकू नका आणि कंप्रेसरची हवा तर नकोच, पलीकडे जोडलेला एअरस्पीड इंडिकेटर (वेग दाखवणारं घड्याळ) फुकट जातो. आम्हाला फोन करा. पंखाखालच्या टाकीच्या व्हेंटकडेही (टाकीत हवा जायच्या नळीकडे) रोज बघा, तोही बुजतो आणि मग इंधन नीट उतरत नाही. काऊलिंगमधे (इंजिनावरच्या झाकणात) साळुंक्या घरटं करतात, दोन-तीन दिवसांत काडीकचरा भरून टाकतात, त्यामुळे काऊल प्लग लावा. लाल रिबिनवाले घ्या, म्हणजे काढायचे राहिले तर लांबून दिसतात. शेताजवळची धावपट्टी असेल तर उंदीर हा वेगळाच विषय, वायरी कुरतडतात आणि त्यांच्या मुताने अॅल्युमिनियम खाल्लं जातं. केबिनमधे बिस्किटाचे पुडे ठेवू नका एवढंच सांगतो.

इंधन

विमानाला एव्हगॅस १०० एलएल (छोट्या विमानांचं पेट्रोल) लागतं, रंग निळा. इंडियन ऑइलने २०२२ मधे ते गुजरात रिफायनरीत बनवायला घेतलं, त्याआधी आयात व्हायचं. जेट ए-१, म्हणजे जेट विमानांचं इंधन, पाण्यासारखं किंवा किंचित पिवळसर असतं आणि ते चुकून टाकीत गेलं तर इंजिन टेकऑफलाच दगा देईल. गोची अशी की दोन्ही मिसळलं तरी रंग थोडा निळाच दिसतो, म्हणून शंका असेल तर थेंबभर पांढऱ्या कागदावर टाका, एव्हगॅस उडून जातं, जेटचा तेलकट डाग मागे राहतो. इंधन भरताना स्वतः उभे राहा आणि आधी अर्थची वायर लावलीय ना ते बघा. पंपावरचं गाडीचं पेट्रोल टाकायचा विचार डोक्यात आणू नका, त्यात इथेनॉल असतं, ते पाणी धरतं आणि रबरी सील खराब करतं.

१७२ एसला ड्रेन करायची, म्हणजे तळाचं थोडं इंधन कपात काढून बघायची, १३ ठिकाणं आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि नाकाखाली तीन. हो, तेराही, उड्डाणाआधी दर वेळी. पाणी जड असल्याने तळाशी बसतं आणि कपात वेगळा बुडबुडा दिसतो, पण पूर्ण कपच पाण्याचा आला तर रेषाच दिसत नाही आणि सगळं छान वाटतं, म्हणून रंग बघा, वास घ्या. पावसाळ्यात उभं ठेवायचं असेल तर टाक्या भरून ठेवा, रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं रात्री पाणी होतं. टाकीच्या झाकणाचं रबर फुटलंय का तेही बघा, कितीदा तरी पावसाचं पाणी तिथूनच आत जातं.

उभं राहिलेलं इंजिन

आता खरा मुद्दा. लायकमिंगच्या या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याच्या, वर बसवलेला असतो, इंजिन बंद असताना त्यावरचं ऑइल हळूहळू खाली उतरतं आणि कॅम उघडा पडतो. दमट हवेत त्यावर बारीक गंज धरतो, डोळ्याला न दिसेल एवढा, मग इंजिन चालू झालं की त्या गंजाच्या खड्ड्यांतून पृष्ठभाग खरवडायला लागतो आणि कधीतरी आम्ही ऑइल फिल्टर कापून बघतो तेव्हा त्यात लोखंडाचा चुरा चमकतो. त्या दिवशी मालकाला फोन करणं आम्हालाही जड जातं. जुहूसारखी खारी हवा किंवा कोकण-गोवा असेल तर हे लवकर होतं, धुळ्या-जळगावकडे जरा उशिरा, पण होतंच.

यावर लोक उपाय काय करतात, तर दर रविवारी येऊन दहा मिनिटं इंजिन चालू करून बंद करतात. मनाला बरं वाटतं पण इंजिनाला त्रासच होतो कारण जळणातून पाण्याची वाफ तयार होते आणि ऑइल तेवढं तापतच नाही की ती बाहेर पडावी, म्हणजे आत आणखी पाणी घालून झाकण लावल्यासारखं. प्रोपेलर हाताने फिरवून ठेवायची जुनी पद्धतही नको, उरलीसुरली ऑइलची फिल्म पुसली जाते, लायकमिंग स्वतः नको म्हणतं. त्यांचं सांगणं असं की जास्तीत जास्त ३० दिवसांत एकदा तरी सलग एक तास उडवा, ऑइल टेंपरेचर साधारण ७४ ते ९३ अंश सेल्सिअसमधे ठेवून. समुद्राजवळ असाल तर आम्ही म्हणू पंधरा दिवसांत एकदा. जमणारच नसेल, मालक परदेशी, पायलट सोडून गेला, लायसनचं अडलंय, काहीही असो, आधी सांगा, आम्ही प्रिझर्व्हेशन ऑइल (गंज रोखणारं ऑइल) घालून सिलिंडरला डेसिकंट (ओल शोषणारे) प्लग लावून देतो, त्याचा खर्च ओव्हरहॉलच्या, म्हणजे पूर्ण इंजिन उघडून दुरुस्त करण्याच्या मानाने काहीच नाही.

ऑइल फिल्टर असलेल्या इंजिनाचं ऑइल ५० तासांनी किंवा ४ महिन्यांनी, जे आधी येईल ते. "तास तर बाराच झालेत" हे आम्हाला सांगू नका, चार महिने झाले की बदलायचं, दमट जागी तर नक्कीच. संपमधे (खालच्या ऑइलच्या टाकीत) ८ क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे जेमतेम एक लिटर) मावतं आणि ५ च्या खाली उडायचं नाही, पण पूर्ण ८ भरलं तर वरचं बरंचसं ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) पोटाखाली उडतं, रोजच्या वापरात ६-७ ठेवलं तरी चालतं. गाडीचं ऑइल कधीही नाही, त्यातल्या घटकांची राख सिलिंडरमधे बसते.

टायर, ब्रेक, काच

हवेचा दाब मेन टायरला ४२ पीएसआय, नोज टायरला ४५, नोज स्ट्रटमधेही (पुढच्या चाकाच्या शॉकअॅब्सॉर्बरमधे) ४५. ब्रेकला लाल मिनरल हायड्रॉलिक ऑइल लागतं. एका मालकाच्या ड्रायव्हरने चांगल्या मनाने गाडीचं ब्रेक फ्लुइड टाकलं, सगळे ओ-रिंग (रबरी सील) फुगले आणि विमान टॅक्सी करता करता पार गवतात. समोरची काच ही काच नसून अॅक्रिलिक आहे, घरातला अमोनियावाला ग्लास क्लीनर किंवा पेट्रोलचा बोळा लावला की बारीक भेगांचं जाळं पडतं. भरपूर साधं पाणी, सौम्य साबण, आणि उघड्या तळहाताने (अंगठी काढून) वरून खाली. कोरड्या फडक्याने धूळ पुसायची नाही. प्रेशर वॉशर हँगरमधे असला तर तो गाड्यांसाठी असू द्या, बेअरिंगचं ग्रीस आणि स्टॅटिक पोर्ट (हवेचा दाब मोजायचं बारीक भोक) दोन्हीची वाट लागते.

तुमचं काम कुठे थांबतं

वर सांगितलेलं सगळं, म्हणजे साफसफाई, बांधणं, ड्रेन, हवा बघणं, ऑइल लेव्हल, कव्हरं, हे तुमचं. ज्याला पाना लागतो ते आमचं. भारतात डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमाप्रमाणे मेंटेनन्सचं काम मान्यता असलेल्या संस्थेत होऊन लायसन असलेल्या एएमईने (विमान मेंटेनन्स इंजिनिअरने) रिलीज सही केली तरच विमान उडायला मोकळं, आणि तुमच्या ओळखीतला मेकॅनिक कितीही हुशार असला तरी त्याच्या हातचं काम लॉगबुकात चढत नाही. प्रोपेलरच्या कडेला खडीने पडलेला बारीकसा टोचा घरी कानशीने घासू नका, तिथूनच भेग सुरू होते, आमच्याकडे या, तासाभराचं काम आहे.

वेळापत्रक तुमच्या मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅमप्रमाणे, ५० तास, १०० तास, वार्षिक. मॅग्नेटो ५०० तासांनी उतरवून बघायचे, इंजिन ओव्हरहॉल २००० तास किंवा १२ वर्षं. एआरसी (विमान उडण्यालायक असल्याचं तपासणी प्रमाणपत्र) वर्षभराची असते आणि ती संपायच्या आठवड्यात आमच्याकडे धावत येऊ नका, निदान महिनाभर आधी कागद पाठवा, पार्ट मागवायला वेळ लागतो आणि कस्टममधे अडकला तर आमच्या हातात काही नाही.

स्नॅग, म्हणजे विमानातली तक्रार, लिहिताना "इंजिन बरोबर वाटत नाही" असं लिहिलेलं असतं, त्यावरून आम्ही काय शोधणार? "१८०० आरपीएमला उजव्या मॅग्नेटोवर १८० चा ड्रॉप, इंजिन गरम होतं, दुसऱ्यांदाही तसंच" असं लिहा, एका मॅग्नेटोवर चालवताना इंजिनाचे फेरे मिनिटाला १५० पर्यंतच घटलेले चालतात आणि दोन मॅग्नेटोंमधला फरक ५० पर्यंत. असं लिहिलं तर निम्मं काम तिथेच होतं आणि तेवढे तुमचे लेबरचे पैसे वाचतात.

विमान आणताना एअरफ्रेम, इंजिन, प्रोपेलर तिन्ही लॉगबुकं आणा, आणि एक विनंती, आमच्याकडे यायच्या आधी पोट धुऊन चकाचक करून आणू नका. ऑइलचे ओघळ कुठून सुरू होतात ते आम्हाला बघायचं असतं, धुवायचं काम आम्ही नंतर करून देतो.