शाळेची प्रार्थना आणि शाळेतली प्रार्थना

“अमेरिकेत १९६२ साली देवाला शाळेतून काढून टाकलं.” मुलांना तिथल्या पब्लिक स्कूलमध्ये घालायचं, ख्रिस्ती शाळेत घालायचं की घरीच शिकवायचं, ही बोलणी ख्रिस्ती आईवडिलांत सुरू झाली की हे वाक्य येतंच. उपासनेनंतरच्या गप्पांत येतं, फॉरवर्डमध्ये येतं, चांगल्या शिकलेल्या पाळकांच्या तोंडीही येतं. मग घरातला एवढा मोठा निर्णय त्याच्यावर उभा राहतो. ते वाक्य चूक आहे, कारण त्यात शाळेची प्रार्थना आणि शाळेतली प्रार्थना यांची सरमिसळ झालेली आहे.

शब्दाचा घोळ आधी संपवू. आपल्याकडे नावात ‘पब्लिक स्कूल’ असलेली शाळा बहुधा खासगी निघते. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे करांच्या पैशातून चालणारी, फी न घेणारी सरकारी शाळा. ख्रिस्ती शाळा कशी असते हे सांगायला नको: चॅपल, बायबलचा तास, प्रार्थना करवणारे शिक्षक, आणि फी.

आता मुद्द्याचं. शाळेची प्रार्थना म्हणजे जी शाळा ठरवते, शाळा सुरू करते, शिक्षक मुलांकडून म्हणवून घेतात. शाळेतली प्रार्थना म्हणजे मूल स्वतःहून करतं ती. ती शाळेच्या आवारात होते, एवढाच तिचा शाळेशी संबंध. न्यायालयाने पहिली थांबवली. दुसरीला हात लावलेला नाही.

१९६२ चा खटला एंगल विरुद्ध विटाले. न्यूयॉर्क राज्याच्या बोर्ड ऑफ रीजंट्सने, म्हणजे राज्याच्या शिक्षण मंडळाने, २२ शब्दांची एक प्रार्थना तयार करून शाळांना सुचवली होती. लाँग आयलंडवरच्या न्यू हाइड पार्कमध्ये ती रोज सकाळी वर्गात म्हटली जाऊ लागली आणि काही पालक न्यायालयात गेले. प्रार्थना रचणं हे सरकारचं काम नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध १ मतांनी दिला. मुलाला गप्प राहायची मुभा होती, तरीही. पुढच्याच वर्षी पेन्सिल्व्हेनियाचा, रोज बायबलमधली दहा वचनं वर्गात वाचण्याचा कायदा अ‍ॅबिंग्टनच्या खटल्यात घटनाबाह्य ठरला.

ती २२ शब्दांची प्रार्थना एकदा वाचून बघा. तिच्यात सर्वसमर्थ देव आहे, आईवडील आहेत, शिक्षक आहेत, देश आहे. येशूचं नाव नाही. सगळ्यांना चालेल अशी करायची म्हटलं की हेच होणार. माझ्या लेकराने पित्याशी काय बोलावं हे राज्याच्या मंडळाने लिहून द्यावं, हे मला ख्रिस्ती म्हणूनच नको आहे. आणि मंडळाने ‘आपल्या’ मताची प्रार्थना लिहिली तर चालेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी १८४४ चं फिलाडेल्फिया आठवावं. तिथल्या सरकारी शाळांत प्रॉटेस्टंटांचं किंग जेम्स बायबल वाचलं जाई, कॅथलिकांना आपल्या मुलांसाठी आपलं भाषांतर हवं होतं. त्या वादातून दंगली पेटल्या, माणसं मेली, कॅथलिक चर्च जाळली गेली. दोन्ही बाजूंना ख्रिस्तीच होते.

आता दुसरी बाजू, जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते. जेवायला बसताना मूल डोळे मिटून आभार मानू शकतं. मधल्या सुट्टीत बायबल वाचू शकतं, मित्राला येशूबद्दल सांगू शकतं. १९८४ च्या समान प्रवेश कायद्यानुसार, केंद्राचा निधी घेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेने अभ्यासक्रमाबाहेरचा एक जरी विद्यार्थी क्लब चालू दिला, तर मुलांच्या बायबल क्लबला ती नाही म्हणू शकत नाही. नेब्रास्कातल्या ओमाहाच्या एका शाळेने नाही म्हटलं. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी टेक्ससमधून ‘सी यू अ‍ॅट द पोल’ सुरू झालं: सप्टेंबरातल्या एका बुधवारी, शाळा भरण्याआधी, मुलं झेंड्याच्या खांबाभोवती जमून प्रार्थना करतात. सरकारी शाळांच्याच आवारात. देवाला जिथून काढून टाकलं म्हणतात, तिथेच.

हा कायदा सगळ्यांसाठी सारखा आहे, हेही मान्य करायला हवं. बायबल क्लबला जागा मिळते त्याच नियमाने आपल्याला न पटणाऱ्या क्लबलाही मिळते.

खरी अडचण मधल्या जागेत आहे. पदवीदान समारंभात शाळेने बोलावलेल्या धर्मगुरूने प्रार्थना केली तर? शाळेची, म्हणून नाही (१९९२). फुटबॉल सामन्याआधी मुलांनीच निवडलेल्या विद्यार्थ्याने केली तर? ही मुलाची वाटते, पण माइक शाळेचा, कार्यक्रम शाळेचा, निवडणूकही शाळेने घेतलेली. टेक्ससच्या सांता फेच्या खटल्यात ती शाळेचीच ठरली (२०००). सामना संपल्यावर मैदानावर गुडघे टेकणारा प्रशिक्षक? तो शाळेचा नोकर, तरी ती प्रार्थना त्याची स्वतःची ठरली (२०२२, केनेडी विरुद्ध ब्रेमर्टन). या शेवटच्या निकालावर न्यायाधीशांतच ६ विरुद्ध ३ अशी फूट होती, आणि प्रशिक्षकाच्या मर्जीवर खेळायला मिळणं अवलंबून असलेल्या मुलाचं काय, हा प्रश्न मला अजून टोचतो. पण प्रत्येक वेळी विचारलं गेलं ते हेच: बोलतंय कोण, शाळा की माणूस?

धर्म शिकवणं आणि धर्माविषयी शिकवणं, हा फरक याचाच धाकटा भाऊ. इतिहासाच्या किंवा साहित्याच्या तासाला बायबल अभ्यासता येतं, हे १९६३ च्या अ‍ॅबिंग्टनच्याच निकालात लिहिलेलं आहे.

एक गोष्ट मात्र बहुतेक आईवडिलांना उलटी वाटते. धर्मस्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी शाळेला नाही. म्हणजे प्रार्थना करण्याचा घटनात्मक हक्क मुलाला सरकारी शाळेत आहे. खासगी शाळेत शाळेचे नियम चालतात, आणि ती शाळा दुसऱ्या पंथाची असेल तर तिची प्रार्थना तुमच्या मुलाला म्हणावी लागू शकते.

याचा अर्थ सगळ्यांनी पब्लिक स्कूलच निवडावी असा नाही. वर्गात काय शिकवलं जातं यावर आक्षेप असू शकतो, आणि तो हलका नाही. मेरिलँडमधल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती पालकांनी काही गोष्टींच्या पुस्तकांच्या वाचनातून मुलांना वगळण्याची मागणी केली, आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. मुलाचा स्वभाव, त्याची संगत, घरी शिकवायला लागणारा वेळ, फी, ही सगळी खरी कारणं आहेत. ती तोलून कुणी ख्रिस्ती शाळा निवडली तर माझं काही म्हणणं नाही.

बायबलमधला दानिएल खास्द्यांची विद्या आणि भाषा शिकला, बाबेलच्या राजाच्याच व्यवस्थेत. प्रार्थना मात्र त्याने आपल्या घरी, यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी, दिवसातून तीनदा केली.