पार्श्वभूमी : एक्सबीमधला ‘आयडी’ कुठून आला

एक्सबी हे बिनतारी माहिती पाठवणारं छोटं रेडिओ मॉड्यूल. त्याची सेटिंगची खिडकी उघडली की सीएच, आयडी, डीएच, डीएल, एमवाय अशी दोन-दोन अक्षरांची रांगच लागते. सगळी एका माळेची वाटतात, पण वयाने ती एकमेकांपासून बरीच लांब आहेत. काही १९८१ मधून आलेली, काही २००३ मधून, आणि एक-दोन तर एका कंपनीने स्वतःपुरत्या घेतलेल्या निर्णयातून. ज्या ‘आयडी’पाशी, म्हणजे जाळ्याच्या ओळखीच्या आकड्यापाशी, दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट अडकतात, तो या तिसऱ्या गटातला.

आधी सगळ्यात जुना थर. ‘एटी’ने सुरू होणाऱ्या कमांड १९८१ च्या टेलिफोन मॉडेमच्या. कमांड देण्याआधी, कमांड मोडमध्ये शिरायला, तीन अधिकची चिन्हं (+++) पाठवायची आणि आधी-नंतर सेकंदभर गप्प बसायचं, हीही त्याच घराण्याची रीत. त्या सेकंदभराच्या शांततेवर अमेरिकेत १९८५ मध्ये पेटंट मिळालं आणि पुढे बाकीच्या मॉडेमवाल्यांशी कोर्टकज्जे झाले. फोनच्या तारा गेल्या, शांतता राहिली. एक्सबीत आजही तिला ‘जीटी’ म्हणतात आणि तिची मूळ किंमत हजार मिलिसेकंदच आहे. अर्डुइनो या शिकाऊंच्या बोर्डाच्या सीरियल मॉनिटरमधून (टाइप करायच्या खिडकीतून) +++ पाठवणाऱ्याला ‘ओके’ येत नाही, तेव्हा दहातल्या नऊ वेळा मागे न्यूलाइन लागलेली असते. अधिकच्या चिन्हांनंतर एंटर नको, पुढच्या कमांडनंतर मात्र हवाच. शिवाय दहा सेकंद काहीच टाइप केलं नाही, तर मॉड्यूल गुपचूप कमांड मोडमधून बाहेर पडतं. तुम्ही वहीत पत्ता शोधत राहता, मग ‘एटीआयडी’ टाइप करता आणि ती अक्षरं समोरच्या बाकावरच्या स्क्रीनवर जशीच्या तशी उमटतात. कमांड न राहता ती हवेतून गेलेला मजकूर झालेली असते.

लहरींचा इतिहास आटोपता घेऊ. अमेरिकेने १९८५ मध्ये स्प्रेड स्पेक्ट्रमसाठी (संदेश रुंद पट्ट्यावर पसरवून पाठवायच्या तंत्रासाठी) लहरींचे काही पट्टे विनापरवाना खुले केले, त्यात २.४ गिगाहर्ट्झचाही होता. भारतात तो पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ च्या जानेवारीत परवानामुक्त झाला आणि त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचाही. बाहेरून मॉड्यूल मागवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं : अमेरिकेत सर्रास मिळणारी ९०० मेगाहर्ट्झची एक्सबी ९०२ ते ९२८ मध्ये बोलते आणि आपल्याकडे ८९० ते ९१५ हा मोबाइल फोनचा पट्टा आहे. रेंज जास्त मिळते म्हणून ती आणायची नसते.

आता २००३. त्या वर्षी ८०२.१५.४ हे कमी शक्तीच्या बिनतारी जाळ्यांचं मानक आलं : २.४ गिगाहर्ट्झमध्ये १६ चॅनेल, क्रमांक ११ ते २६, प्रत्येकात पाच मेगाहर्ट्झचं अंतर, वेग सेकंदाला २५० किलोबिट. ‘आयडी’चं पूर्ण नाव ‘पॅन आयडी’; त्यातला ‘पॅन’ हा शब्द इथून आत शिरला. ८०२ मधल्या पंधरा क्रमांकाच्या गटाचं काम ‘पर्सनल एरिया नेटवर्क’चं, म्हणजे अंगाभोवतीच्या उपकरणांचं. ब्लूटूथही याच गटात, १५.१ म्हणून. मग त्याच छताखाली आलेलं १५.४ शेतात, गोदामात, विजेच्या मीटरवर गेलं तरी नाव ‘पर्सनल’च राहिलं. नाशिककडच्या द्राक्षबागेत ओळीओळीने लावलेल्या सेन्सरच्या जाळ्याला वैयक्तिक म्हणणं तसं हास्यास्पदच. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. “सर, पॅन आयडीत कोणाचं पॅन टाकायचं, गाइडचं की ग्रुप लीडरचं?” हा प्रश्न मला एका मुलाने अगदी गंभीरपणे विचारला आहे. आयकर खात्याची सवय, दुसरं काय.

मानकातला पॅन आयडी मात्र सरळ आहे. सोळा बिटांचा आकडा, म्हणजे ६५,५३६ शक्यता, त्यातले शेवटचे एक-दोन राखीव. एकाच चॅनेलवर दोन जाळी असली तर माहितीचं कुठलं पाकीट कोणाचं, हे ओळखायची ती खूण. तो पासवर्ड नाही. त्याने काही लपतही नाही, कारण प्रत्येक पाकिटावर तो उघडा लिहिलेला असतो. कुलूप वेगळं आहे, एन्क्रिप्शनचं, आणि ते मुळात लावलेलंच नसतं.

युटा राज्यातल्या एका छोट्या कंपनीने २००५ मध्ये या मानकावर वीस पायांचं मॉड्यूल काढलं. पुढच्याच वर्षी मिनेसोटातल्या एका मोठ्या कंपनीने तिला विकत घेतलं. पायांमधलं अंतर दोन मिलिमीटर, त्यामुळे ब्रेडबोर्डात (तारा खोचून सर्किट जुळवायच्या पाटीत) ते बसतच नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत अडॅप्टर मिळायला लागेपर्यंत पोरांनी तारा डकवून काय काय केलं ते इथे नको. या पहिल्या पिढीची, म्हणजे ‘सिरीज १’ची, गंमत अशी की खोक्यातून काढलेली कुठलीही दोन मॉड्यूल काही न करता बोलायची. सगळ्यांचा चॅनेल १२, सगळ्यांचा आयडी हेक्समध्ये (सोळा पायाच्या मोजणीत) ३३३२, सगळ्यांचा स्वतःचा पत्ता (एमवाय) शून्य आणि पाठवायचा पत्ताही (डीएच, डीएल) शून्य.

हीच गंमत लॅबमध्ये उलटते. पुण्यातल्या एका कॉलेजात दोन गटांचे प्रोजेक्ट शेजारशेजारच्या बाकांवर चालू होते, एकाचं मातीतला ओलावा मोजणारं, दुसऱ्याचं गॅसगळतीचं. सेटिंगला कोणी हातच लावला नव्हता. ओलाव्याच्या आलेखात मधूनच ताडमाड उंच सुळके यायचे, नि तेही शेजारच्यांनी सेन्सरजवळ लायटर पेटवला की. दीड दिवस ओलाव्याच्या गटातलं एक पोरगं सेन्सरला शिव्या देत बसलं होतं. आयडी बदलल्यावर सुळके गेले, पण फक्त दुपारपर्यंत, कारण त्याने ‘एटीडब्ल्यूआर’, म्हणजे सेटिंग कायमची साठवायची कमांड, दिलीच नव्हती. वीज गेली, आली आणि मॉड्यूल पुन्हा ३३३२ वर.

खरा गुंता २००७ च्या सुमाराला ‘सिरीज २’ने केला. चिप दुसऱ्या कंपनीची, आत झिगबीची (८०२.१५.४ वर उभ्या असलेल्या जाळं बांधायच्या नियमांची) मांडणी, आणि बाहेरून आकार, पाय, निळा रंग सगळं तेच. जुन्या पिढीशी ती बोलत मात्र नाही. टपाल तिकिटाएवढं मॉड्यूल हातात धरून अँटेनाशेजारचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय कुठलं कुठलं ते कळत नाही. या दिसण्याच्या सारखेपणावर लोकांनी भरपूर लिहिलंय. माझ्या मते त्याहून जास्त त्रास दिला तो कमांडची नावं तीच ठेवण्याच्या निर्णयाने.

पहिल्या पिढीत ‘आयडी’ म्हणजे मानकातला सोळा बिटांचा पॅन आयडी, आणि चॅनेल ‘सीएच’ने आपणच ठरवायचा. दोन्ही जुळले की जाळं तयार. सिरीज २ च्या पहिल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मॉड्यूलच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, आयडी सोळाच बिटांचा राहिला, त्याची मूळ किंमत हेक्समध्ये २३४ झाली, पण चॅनेल आता कोऑर्डिनेटर (जाळं सुरू करणारं मुख्य मॉड्यूल) निवडू लागला. त्यानंतरच्या झिगबी फर्मवेअरमध्ये त्याच ‘आयडी’त चौसष्ट बिटांचा विस्तारित पॅन आयडी आला. सोळा बिटांचा जुना आकडा ‘ओआय’ नावाने वेगळा पडला. तो फक्त वाचायचा, लिहायचा नाही. ‘सीएच’चंही तेच, वाचा आणि गप्प बसा. आयडीत शून्य ठेवलंत, तर कोऑर्डिनेटर स्वतःच एखादा आकडा काढतो आणि राउटर (निरोप पुढे पोचवणारं मॉड्यूल) सापडेल त्या जाळ्यात शिरतो. चौथा अर्थ डिजीमेश या त्याच कंपनीच्या स्वतःच्या जाळ्याच्या फर्मवेअरचा : पुन्हा सोळा बिट, पुन्हा हाताने चॅनेल, पण कोऑर्डिनेटरच नाही.

म्हणजे ‘एटीआयडी १२३४’ ही एकच ओळ चार ठिकाणी चार कामं करते, आणि चारही ठिकाणी उत्तर ‘ओके’च येतं. पहिल्या पिढीसाठी लिहिलेली शिकवणी वाचून दुसऱ्या पिढीच्या मॉड्यूलवर सीएच लिहायला गेलात, तर निदान ‘एरर’ तरी मिळते. आयडीच्या बाबतीत तेवढंही नशिबात नाही.

कंपनीची बाजूही आहे. ज्यांनी जुन्या कमांडवर आपले प्रोग्रॅम उभे केले होते त्यांना नवीन नावं शिकायला नकोत, हा विचार अगदीच चुकीचा नव्हता. आणि झिगबीत चौसष्ट बिटांची गरजही खरीच होती : एका इमारतीत दोन कोऑर्डिनेटर योगायोगाने सोळा बिटांच्या एकाच आकड्यावर आले, तर तो आकडा मोडून नवा घेता यावा आणि जाळ्याची ओळख तरीही टिकावी. मुद्दा फक्त नावाचा आहे. चौसष्ट बिटांच्या वस्तूला नवं नाव द्यायचं आणि जुन्याला जुनं ठेवायचं, एवढंच करायचं होतं. केलं ते उलट.

झिगबीतल्या आयडीचीच एक शेपटी म्हणजे ‘जेव्ही’ ही सेटिंग. कोऑर्डिनेटर बिघडला, नवा लावला, आयडीही तोच दिला, तरी राउटर परत येत नाहीत. कारण ते जुन्या चॅनेलवर जुन्या जाळ्यात अजून तसेच बसलेले असतात; त्यांच्या लेखी कोणी गेलेलंच नाही. जेव्ही एक केलं तर राउटर चालू होताना आपल्या चॅनेलवर कोऑर्डिनेटर आहे का ते तपासतो आणि नसेल तर जाळं सोडतो. मूळ किंमत शून्य, म्हणजे तपासणी बंद. शेतात खांबावर चढून मॉड्यूल खाली काढायची पाळी येते ती यामुळे.

चॅनेलचंही एक उपकथानक आहे. मूळ चॅनेल १२ म्हणजे २४१० मेगाहर्ट्झ, वायफायच्या पहिल्या चॅनेलच्या अगदी पोटात. वायफाय १, ६ आणि ११ वर असलं, तर १५, २०, २५ आणि २६ त्यातल्या त्यात मोकळे सापडतात. पण जास्त शक्तीच्या ‘प्रो’ मॉड्यूलमध्ये पहिल्या पिढीत २३ च्या पुढे जाताच येत नव्हतं. साधं आणि प्रो मिसळून लावणाऱ्याने साध्याला २६ दिला की प्रो कायमचं बहिरं.

नंतरच्या काळात धार थोडी बोथट झाली. सिरीज २ मध्ये कोऑर्डिनेटर, राउटर आणि एंड डिव्हाइस (जाळ्याच्या टोकाचं मॉड्यूल), प्रत्येकी एटी आणि एपीआय (ठरावीक चौकटीत संदेश पाठवायची पद्धत), अशा सहा वेगळ्या फर्मवेअर फायली असत. ‘एस२सी’ ही पुढची आवृत्ती आल्यावर भूमिका ही एक सेटिंग झाली, आणि ८०२.१५.४, झिगबी, डिजीमेश यांपैकी कुठलंही फर्मवेअर एकाच मॉड्यूलमध्ये चढवता येऊ लागलं. सोय मोठी, पण आता मॉड्यूलवरचं अक्षर वाचूनही आयडीचा अर्थ कळत नाही. आत काय चढवलंय ते ‘एटीव्हीआर’ने विचारावं लागतं.

घरातल्या उपकरणांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. त्याच ८०२.१५.४ च्या लहरींवर चालणाऱ्या थ्रेड या जाळ्यात पॅन आयडी आहेच, पण २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या घरगुती उपकरणांच्या मानकात वापरणाऱ्याला तो दिसत नाही. क्यूआर कोड दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. शेतीकडचे लोक लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीकडे वळले. भारतात तिचा पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. तिथे पॅन आयडी हा शब्द नाही, ‘सिंक वर्ड’ आहे : सार्वजनिक जाळ्याला हेक्स ३४, खासगीला १२. गेल्या महिन्यात एका मुलाने त्या रकान्यात स्वतःचा रोल नंबर टाकला होता. दुसऱ्या टोकाच्या मॉड्यूलवर मित्राचा.